हिवरदऱ्याची रिकामी गव्हाण

हिवरदऱ्याच्या देवळात नाताळाला या, पण सकाळी लवकर या. आणि दाराशी चपला काढता ना, तसे कॅमेरेही जरा बाजूला ठेवा. वेदीपुढे ही दगडी गव्हाण आहे, तिच्याकडे बघून प्रत्येक पाहुणा एकच विचारतो, "अहो, बाळ कुठाय?" मरिया आहे, योसेफ आहे, काठी घेतलेले मेंढपाळ आहेत, वर कागदाचा तारा आहे, आणि गव्हाणीत काडीसुद्धा नाही. कुणी विसरलेलं नाही बरं का. या देवळात नाताळाच्या सकाळी आधी गाय येते. खरीखुरी, शेपटी हलवणारी, मनात आलं तर देवळातच शेण टाकणारी. ती गव्हाण चाटूनपुसून खाते, मगच घंटा होते. शहरातले लोक हसतात. हसा बापडे, पण आधी ऐकून घ्या.

असं सांगतात, की तो फार जुना दुष्काळ. पावसाने सलग दोन वर्षं तोंड फिरवलं होतं. विहिरींचे तळ उघडे पडले. बाभळीचा पाला ओरबाडून लोकांनी जनावरं जगवली आणि मग बाभळीही उघड्या झाल्या. दिवाळी सरली तशी थंडी आली. दुष्काळातली थंडी फार वाईट हो. पोटात काही नसलं की ती थेट हाडाला लागते. रोज कुणाच्या ना कुणाच्या गोठ्यात एक जनावर बसायचं, ते पुन्हा उठायचं नाही.

तेव्हा देवळाचे पंच होते भागोजीबाबा पारखे. पाळकसाहेब घोड्यावरून महिन्याकाठी कधी तरी येत, एरवी देऊळ म्हणजे भागोजीबाबाच. त्यांच्याच पिढीने ख्रिस्ताचं नाव घेतलं होतं आणि या भिंतींचे दगड त्यांनी स्वतःच्या डोक्यावरून वाहिले होते. माणूस शब्दाचा पक्का. एकदा बोलले की बोलले.

नाताळाच्या आधीच्या चार रविवारांतला पहिला रविवार आला, तेव्हा भागोजीबाबा उभे राहिले आणि सगळ्यांसमोर नवस बोलले. आता तुम्ही म्हणाल, ख्रिस्ती माणूस आणि नवस? अहो, देव बदलला म्हणून जीभ लगेच बदलते होय? बाबा म्हणाले, "दर रविवारी प्रत्येक घराने कडब्याची एक पेंढी या गव्हाणीत टाकायची. नाताळापर्यंत तिच्यातली काडी हलवायची नाय. आपण जनावराच्या तोंडचा घास देवाला देऊ, मग देव पाऊस दिल्याबिगर राहायचा नाय." मंडळी म्हणाली, "आमेन."

आणि लोकांनी दिलं बरं का! लाजर साळव्याच्या घरी एकच बैल उरला होता. त्याच्यापुढची पेंढी उचलून लाजरने देवळात आणून टाकली. पुढच्या आठवड्यात बैल मेला. तरी लाजर चुकला नाही. पुढच्या रविवारी शेजाऱ्याकडून पेंढी मागून आणली, पण आणली. अशी ती गव्हाण भरत गेली, वर शीग लागली. गावातले गोठे रिकामे आणि देवळात वैरण.

भागोजीबाबांच्या घरात तेव्हा एक तान्हं बाळ होतं. त्यांची एकुलती एक लेक दीना बाळंतपणाला माहेरी आली आणि बाळंतपणातच गेली. जावई दुष्काळी कामावर दूर कुठे खडी फोडत होता. मागे राहिला तो मुलगा, मुठीएवढा. नाताळाला पाळकसाहेब यायचे होते, तेव्हा त्याचा बाप्तिस्मा करायचा आणि नाव ठेवायचं, असं ठरलं होतं. भागोजीबाबांनी दीनाच्या लुगड्याचं झबलं शिवून घेतलं होतं. तोवर त्याला सगळे नुसतं बाळ म्हणत.

बाळ जगत होतं ते धनगरवस्तीतल्या ठकूबाईच्या जिवावर. तिची हरणी ही पंचक्रोशीत दुभती राहिलेली एकच गाय. ठकूबाई देवळातली नव्हे, तिचा देव निराळा. तो काळ विटाळाचा; पारख्यांच्या आळीत पाऊल टाकलं तरी लोक तोंड वाकडं करत. पण ही बाई रोज सकाळी वाटीभर दूध घेऊन यायची आणि वाटी थेट बाबांच्या हातात द्यायची. कुणी काही बोललं तर म्हणायची, "भुकेल्या पोराला कसला आलाय विटाळ?"

नाताळ आठवड्यावर आला तेव्हा ठकूबाई अर्धी वाटी घेऊन आली, आणि घरी न जाता देवळात आली. भागोजीबाबा गव्हाणीभोवती झाडत होते. लाजर खिडकीची फळी ठोकत होता.

"भागोजीदादा, हरणी आटाया लागली. तिच्या पोटात आता काय नाय. या वैरणीतल्या चार पेंढ्या द्या. गाईसाठी नाय मागत, तुमच्या नातवासाठी मागते."

"ती देवाची हाय, ठकूबाई."

"तुमचा देव कडबा खातो व्हय?"

भागोजीबाबांना राग आला नाही. म्हणतात, त्यांचा हात गव्हाणीपर्यंत गेला, बोटं पेंढीच्या बंधातही शिरली. द्यायचं होतं त्यांना! जीव तुटत होता त्या लेकरासाठी. पण तेवढ्यात लाजरच्या हातोडीचा ठोका पडला आणि बाबांच्या डोळ्यांपुढे त्याचा बैल आला. लोकांच्या बैलांना नवस आणि पंचाच्या नातवाला सूट? उद्या कोणत्या तोंडाने या लोकांपुढे उभं राहायचं? त्यांनी हात मागे घेतला. लाजरला काही विचारलं नाही, मंडळीला काही विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "नाताळापतुर कळ काढ. देव बघतोय."

ठकूबाई म्हणाली, "तो बघतोय हो. तुमीच बघत नाय." आणि निघून गेली.

त्यानंतर वाटीत दूध कमी आणि पाणी जास्त येऊ लागलं. मग नुसतं पाणी. बाबा कण्यांची पेज फडक्याने बाळाच्या ओठांवर पिळत. बाळ आधी रडायचं, नंतर रडायचंही थांबलं. नाताळाच्या आदल्या दिवशी दुपारी, अंगणातल्या उन्हात, आजोबांच्या मांडीवर ते गेलं. भागोजीबाबा ऊन उतरेपर्यंत तसेच बसून राहिले. कुणाला हाक मारली नाही.

सकाळी मंडळी देवळात जमली. पाळकसाहेब आले होते, बाप्तिस्म्याचं पाणी वाडग्यात भरून ठेवलं होतं. भागोजीबाबा झबलं घातलेलं बाळ छातीशी धरून पहिल्या ओळीत बसले. लोकांना वाटलं, बाळ झोपलंय. घंटेच्या दोरीला कुणी हात घालणार, इतक्यात दारात गलका झाला. ठकूबाई हरणीला ओढत सरळ देवळात शिरली. गाय कसली, नुसता हाडांचा सापळा. दोन-चार जण आडवे आले तशी ती कडाडली, "आज सण हाय ना तुमच्या देवाचा? मग त्याला काय बोलायचं ते मला बोलू दे. माझी गाय खाणार, अन् ते पोर पिणार!"

भागोजीबाबा उठले. त्यांनी बाळाच्या तोंडावरचं फडकं बाजूला केलं. "ठकूबाई, उशीर झाला," म्हणाले, "पोर गेलं."

ठकूबाईच्या हातून दावं सुटलं. मग बाबांनी बाळ तिच्या ओटीत दिलं, गव्हाणीपाशी गेले आणि नवसाची पहिली पेंढी स्वतःच्या हाताने सोडून हरणीपुढे धरली. मग दुसरी. मग तिसरी. सगळं देऊळ उभं होतं आणि गाय खात होती. दुसरा आवाज नव्हता.

मागून लाजर पुढे आला. म्हणाला, "बाबा, मी तिथंच होतो की हो. नुसतं विचारायचं होतंत. माझ्या बैलाची आण, मीच उचलून दिली असती."

असं म्हणतात, की भागोजीबाबा हे ऐकून खाली बसले ते गव्हाणीची कड धरून. मंडळी प्रार्थनेची वाट बघत राहिली. पंच म्हणून ते दर नाताळाला मोठी प्रार्थना करत. त्या दिवशी एकच वाक्य आलं.

बाळाला देवळाच्या पूर्वेला निंबाखाली पुरलं. तो बिननावाचा दगड तुम्ही येताना ओलांडला असेल. ओलांडू नका, वळसा घालून जा. भागोजीबाबा त्यानंतर पंच राहिले नाहीत. काही जण पाहुण्यांना सांगतात, त्याच दिवशी पाऊस कोसळला. साफ खोटं आहे ते. पाऊस आला पुढच्या मृगात, आपल्या वेळेला, तोवर आणखी किती तरी मेले. हरणी मात्र जगली. चार दिवसांनी तिला पुन्हा पान्हा फुटला, आणि ठकूबाई सवयीने वाटी भरून पारख्यांच्या दारात येऊन उभी राहिली. बाबांनी वाटी घेतली, बराच वेळ धरली, आणि ठकूबाईला सोबत घेऊन दुसऱ्या तान्ह्या पोराचं घर शोधायला निघाले.

आजही नाताळाची गाय आणायचा मान धनगरवस्तीचा आहे. त्या दिवसाचं दूध गावातल्या सगळ्यात लहान लेकराला जातं, मग ते घर कोणत्याही देवाचं असो. गाय खाते तेव्हा कुणी गात नाही, कुणी खोकतसुद्धा नाही. पंच दावं धरून उभा असतो, मग तो काल नेमलेला का असेना. गव्हाण रिकामी झाली की तो आत हात फिरवून बघतो, काडी राहिली नाही ना. आणि मग भागोजीबाबांचं ते वाक्य म्हणतो: "प्रभू, हे आधी द्यायचं होतं."

त्यानंतर घंटा होते.