काळीची ऊब

फार मागं एका खुराड्यात पांढऱ्या कोंबड्या राहत. अंडी घालायच्या, पण उबवायला बसायच्या नाहीत. म्हणून मालकीण त्यांची अंडी काळ्या खुडूक कोंबडीखाली ठेवी. काळी एकवीस दिवस अर्धपोटी बसे. पिल्लं निघाली की खुराड्यातला म्हातारा कोंबडा तिला हाकलून देई, "चल, बाहेर! आमच्या पाण्याला चोच लावू नकोस."

एका वर्षी एक पांढरं पिल्लू आडवं आलं. "आजोबा, आम्ही अंड्यात होतो तेव्हा तिचा विटाळ कुठं गेला होता?"

"गप! आमच्या आजापासून असंच चालतंय."

"म्हणजे लाज तेव्हाच सोडलीत."

पिल्लू बाहेर जाऊन काळीच्या पंखाखाली शिरलं. म्हणालं, "आई, तू बसलीस म्हणून आम्ही आहोत."

मागोमाग सगळीच पिल्लं गेली. आत म्हातारी मंडळी उरली. त्यांना आजोबा म्हणायला कुणी उरलं नाही.