सावलीच्या आधीचा खडा

शाळेच्या अंगणातली चिंच कुणी लावलीही नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. आंबेखोलात नुकतीच इंग्रजी शाळा निघाली होती. रीत अशी, की मुलानं दसऱ्यापर्यंत इंग्रजीत उत्तर द्यायचं, नाहीतर घरी जाऊन शेळ्या वळायच्या.

कातकरीवाडीतली सोमी रोज शाळेत येई, पण तोंडातून शब्द काढत नसे. पोरं चिडवायची, "हडळीनं जीभ नेली हिची!" आईनं भगताकडून गंडा आणून बांधला. तरी शब्द फुटला नाही. सोमीला मात्र शाळा सोडायची नव्हती. वर्गाबाहेर उभं केलं, की ती उन्हात खडे मांडत बसे.

भिवराबाई नावाच्या एक मास्तरीण तिथं होत्या. त्या कुठून आल्या, कुणालाच ठाऊक नव्हतं. असं म्हणतात, की त्यांची सावली पडत नसे. त्यांनी पाहिलं, सोमी खडा ठेवते तिथं आधी ऊन असतं; मग घंटेच्या खांबाची सावली सरकत सरकत नेमकी त्या खड्याला येऊन टेकते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ताम्हाणे हेडमास्तरांनी अंगणात सोमीला इंग्रजीत प्रश्न विचारला. ती मुठीतला खडा फिरवत राहिली.

"मंद आहे. उद्यापासून शेळ्या."

"थांबा," भिवराबाई म्हणाल्या. "सोमे, मधली घंटा होईल तेव्हा सावली कुठं असेल गं?"

सोमीनं भलत्याच बाजूला, रणरणत्या उन्हात खडा ठेवला.

हेडमास्तर हसले. "बाई, आता खड्यांना पास करायचं का?"

घंटा झाली. सावलीचं टोक खड्यावर होतं. आणि त्याला लागून आणखी एक सावली होती, डोक्यावर पदर घेतलेली. तिथं उभं कुणीच नव्हतं.

हेडमास्तरांनी घाम पुसला. सोमी शाळेत राहिली.

पुढं भिवराबाई एकेक खडा उचलत आणि म्हणत, "आधी तुझा शब्द सांग, मग त्यांचा घेऊ." सोमी आधी कातकरीत बोले, मग इंग्रजीत. असं म्हणतात, की ती त्याच शाळेत बाई होऊन आली, त्या दिवसापासून भिवराबाई कुणाला दिसल्या नाहीत.

आजही आंबेखोलात नव्या मुलाला पहिल्या दिवशी काही विचारत नाहीत. हातात खडा देतात, "ठेव तुला वाटेल तिथं." मग मधल्या घंटेपर्यंत सगळी शाळा गप्प. तो खांब वाळवीनं केव्हाच खाल्ला. तरी एखाद्या वर्षी, आभाळ भरलेलं असतानाही, एखाद्या खड्याला सावली येऊन टेकते.

मग मास्तर त्या मुलाशेजारी बसतात आणि हळूच म्हणतात, "आधी तुझा शब्द सांग."