धुवणाचा गाळ

एकदा एक तरुण अभ्यासक उजाड टेकडीवर आपल्या वृद्ध आचार्यांच्या हाताखाली उत्खनन करीत होता. चार वर्षे त्याने नुसती माती चाळली होती. यंदाही हात रिकामेच राहिले, तर हे काम सोडायचे, असे त्याने मनाशी पक्के केले होते. आणि टेकडीच्या पायथ्याशी, घरंगळून आलेल्या दगडगोट्यांत, त्याला प्राचीन कपीचा, म्हणजे बिनशेपटीच्या वानराचा, दगड झालेला जबडा सापडला.

आनंद त्याच्या पोटात मावेना. त्याने जबडा घमेल्यातल्या पाण्यात भिजवला, ब्रशने घासला, सुईने दातांच्या फटी कोरल्या आणि लख्ख करून आचार्यांपुढे ठेवला.

आचार्यांनी तो डोळे भरून पाहिला. मग म्हणाले, "याला काय मांडवात मिरवायचं होतं का रे? धुवण कुठे ओतलंस?"

"तंबूमागच्या खडकाच्या खळग्यात. नुसता गाळ होता, आचार्य."

आचार्यांनी जबडा बाजूला ठेवला आणि ते दुखऱ्या गुडघ्यांनिशी त्या खळग्याशी फतकल मारून बसले. चमच्याने गाळ उचलून फडक्यावर वाळत घालू लागले. शिष्य पाहतच राहिला. एवढे रत्न हाती आले, आणि हे चिखल उपसताहेत! त्याला रागच आला, हे लपवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी वाळलेला गाळ चाळला. भिंगाखाली तिळाएवढा उंदराचा दात दिसला आणि गोगलगायीचे दोन फुटके शंख.

आचार्य म्हणाले, "जबडा कोणाचा, ते जबडाच सांगतो. पण तो घरंगळत आलेला. टेकडीच्या नऊ थरांपैकी कोणत्या थरातला, हे त्याला विचारून कळणार नाही. हा करडा गाळ मात्र एकाच थरात मिळतो. उंदरांचे दात पिढ्यान्‌पिढ्या भराभर बदलत जातात, म्हणून हा दात काळ सांगेल. आणि ही गोगलगाय दाट झाडांखाली, ओल्या पाचोळ्यात राहणारी. म्हणजे या उजाड टेकडीच्या जागी तेव्हा रान होतं. बाळ, तू काळ धुतलास आणि रानही धुतलंस. खडकावर ओतलंस म्हणून वाचलास!"

शिष्याच्या आता ध्यानात आले. हा गाळ वाहून गेला असता, तर त्याचा जबडा 'काळ अज्ञात' अशा चिठ्ठीसह कपाटात पडून राहिला असता. तो भरल्या डोळ्यांनी आचार्यांच्या पायांशी वाकला, तसे त्यांनी पाय मागे घेतले.

"माझ्या नको. आधी त्यांच्या," ते फडक्याकडे बोट दाखवून म्हणाले.

शिष्य हसला आणि त्याने खरोखरच हात जोडले. संध्याकाळी अहवाल लिहायला घेतला, तेव्हा पहिल्या ओळीत त्याने जबड्याआधी उंदराच्या दाताची नोंद केली.

आपल्याही अंगाला असे कोण कोण चिकटून आले आहे, ते धुऊन टाकण्याआधी एकदा पाहावे.