कोल्ह्याचे फोल्डर आणि टिटवीची ओळ

डोंगराच्या पायथ्याशी एक जंगल होते आणि त्या जंगलात सदा काळजीत असलेली एक मुंगी राहत असे. काळजी वाटावी असेच तिचे काम होते. वडाच्या ढोलीत जंगलाचा एक संगणक होता (तो तिथे कुठून आला हे विचारू नका, मुलांनो, तिथेही कुणाला ते ठाऊक नाही) आणि त्याच्या डिस्कवरची जागा सर्वांना वाटून देणे मुंगीकडे होते. पूर्वी सगळे आपापल्या फाइली एकाच ढिगात टाकत. कावळ्याची चकचकीत वस्तूंची चित्रे अस्वलाच्या मधाच्या पोळ्यांच्या यादीत मिसळत आणि रोज भांडणे होत. म्हणून मुंगीने प्रत्येकाला त्याच्या नावाचा फोल्डर दिला आणि नियम घातला, की एका फोल्डरमध्ये शंभरच फाइली ठेवायच्या.

नियम चांगला होता, पण मुंगीने तो वारुळाच्या रीतीने घातला होता. वारुळात प्रत्येक दालनाची राखणदार वेगळी असते आणि ती आपल्या दालनापुरतेच दाणे मोजते. तिथे ते चालते, कारण नवे दालन खोदायला आठवडा जातो. संगणकात फोल्डरच्या पोटात दुसरा फोल्डर एका क्षणात होतो, आणि मुंगीच्या नियमाने त्यालाही नव्याने शंभर फाइली मिळत. हे मुंगीच्या ध्यानात आले नाही. कोल्ह्याच्या मात्र पहिल्याच दिवशी आले. त्याला स्वतःच्या कोल्हेकुईचे भारी कौतुक. ढोलीबाहेर बसून तो ताना मारी आणि संगणक त्या टिपून ठेवी. शंभर झाल्या की आत नवा फोल्डर, तो भरला की त्याच्याही आत आणखी एक.

सर्वांत लहान फोल्डर टिटवीचा होता. उन्हाळ्यात ती रोज सकाळी उडून बघून येई आणि कोणती वाट वणव्याने पेटली आहे, कोणती मोकळी आहे, याची एक ओळ लिही. टिटवी दिवसभर कशावरूनही ओरडत असते, त्यामुळे तिचे ओरडणे कुणी मनावर घेत नसे. तिची पडद्यावरची ओळ मात्र वाचल्याशिवाय कुणी वाट धरत नसे. नवी ओळ नसली तर कालची खरी मानायची, असा तिथला रिवाज होता.

एके सकाळी टिटवी धापा टाकत आली. तिने ओळ लिहिली, पण ती जतन होईना. तिने पुन्हा लिहिली, तरी होईना.

"मुंगीताई, हे घेत का नाही? घाटाची वाट पेटली आहे."

मुंगीने घाईघाईने टिटवीचा फोल्डर मोजला. फाइली बाराच होत्या. मग तिने सगळी डिस्क पाहिली, तर तिच्यावर तसूभरही जागा उरलेली नव्हती. ढोलीसमोर चितळांचा कळप तहानलेल्या पाडसांना घेऊन उभा होता, आणि पडद्यावर कालची ओळ होती : 'घाटाची वाट मोकळी आहे.'

टिटवी जिवाच्या आकांताने ओरडू लागली. "हिचे रोजचेच आहे," म्हातारी चितळीण म्हणाली आणि कळप घाटाच्या दिशेने चालू लागला.

मुंगीने स्वतःच्या दोन फाइली पुसल्या. मोकळी झालेली जागा कोल्ह्याच्या पुढच्याच तानेने गिळली. तेव्हा कुठे तिला आत शिरून बघायचे सुचले. कोल्ह्याच्या फोल्डरच्या आतल्या एक्केचाळिसाव्या फोल्डरपर्यंत पोचल्यावर तिने मोजणे सोडले आणि ती धावत बाहेर आली.

"कोल्होबा, ताना थांबवा आणि थोडी जागा मोकळी करा. टिटवीची ओळ मावत नाही."

"माझ्या कुठल्याही फोल्डरमध्ये एकशेएकावी फाइल दाखव, मी लगेच पुसतो," कोल्हा शांतपणे म्हणाला. "नियम तुझाच आहे ना, ताई?"

दुसऱ्याची फाइल कुणी पुसायची नाही, हाही नियम तिचाच होता. तिला रडू येऊ लागले.

"आणि एवढी महत्त्वाची ओळ तरी कसली?" कोल्ह्याने विचारले.

"घाटाची वाट पेटली आहे."

कोल्हा ताडकन उठला. "कोल्हीण तिन्ही पिल्लांना घेऊन मघाशीच तिकडे गेली आहे," तो म्हणाला. "पडदा वाचूनच गेली." तो ढोलीत शिरला, आपला सर्वांत वरचा फोल्डर आतल्या सगळ्या फोल्डरांसकट त्याने पुसून टाकला आणि मागे न बघता घाटाकडे पळत सुटला.

टिटवीची ओळ त्याच क्षणी जतन झाली. मागे राहिलेल्या एका पाडसाने ती वाचली आणि धावत जाऊन कळपाला गाठले. सगळी चितळे झाडीच्या कडेवरून परत फिरली. मुंगीने दुपारभर खाली मान घालून नियम नव्याने लिहिला : फोल्डर कितीही खोल असो, त्यातली प्रत्येक फाइल सर्वांत वरच्या फोल्डरच्या नावावर मोजायची, आणि वणव्याच्या बातमीपुरती जागा कायम राखून ठेवायची, ती कुणालाही द्यायची नाही. लिहिताना तिचे निम्मे लक्ष घाटावरच्या धुराकडे होते. चूक आपली आहे हे तिला कुणी सांगावे लागले नाही.

संध्याकाळी कोल्हा आणि कोल्हीण परत आली. कोल्हिणीची पाठ होरपळली होती. वडाखाली बसून कोल्ह्याने पिल्ले मोजली. मग पुन्हा मोजली, आणि पुन्हा एकदा. तिन्ही वेळा ती दोनच भरली.

तात्पर्य : नियमात बसते एवढ्यावरून वाजवीपेक्षा जास्त जागा अडवू नये, कारण ती कुणाच्या तरी गरजेचीच असते, आणि वाटणी करणाऱ्याने एकेक खोली न मोजता सगळे घर मोजावे.