गडावरची कॉफी

"सगळं सोडून आलो, महाराज. तरी मला उपदेश का देत नाही?"

दौलतगीर गोसाव्यांनी पद्माकरकडे पाहिलं, मग त्याच्या तंबूकडे. काल संध्याकाळी गडावर आल्या आल्या त्याने तो महाराजांच्या गुहेसमोर ठोकला होता.

"सगळं?"

"कॉफी तेवढी राहिलीय," पद्माकर हसत म्हणाला. "पण अशी करतो, की तुम्हीही नको म्हणणार नाही."

"कर मग. घसा कोरडा पडलाय."

पद्माकरची स्वारी खुलली. त्याने तीन दगडांची चूल मांडली. महाराजांच्या हंड्यात तळाशी पाणी होतं, ते सगळं किटलीत ओतून उकळलं. मग आपल्या कॉफीच्या गाळणीत पांढरा कागद बसवला, त्यावर निम्मं पाणी ओतलं आणि ते खडकावर फेकून दिलं.

"हे कशाला?"

"आधी कागद धुवायचा असतो. नाहीतर कॉफीला कागदाची चव लागते. पुष्कळांना हे ठाऊकच नसतं."

महाराज ओल्या खडकाकडे बघत राहिले...

कॉफी खरोखरच फक्कड झाली होती. महाराजांनी कप रिकामा करून खाली ठेवला.

"छान. आता प्यायला पाणी दे."

हंडा कोरडा होता.

"आणतो की. टाकं कुठंय?"

महाराजांनी त्याच्या हातात तांब्या दिला आणि खालच्या कपारीकडे बोट दाखवलं.

टाकं केव्हाच आटलं होतं. कपारीतून एक थेंब पडायचा. मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा एक थेंब. पद्माकर तांब्या धरून बसला. ऊन डोक्यावर आलं, पाय बधिर झाले. तेव्हा कुठे त्याचं लक्ष बुडाखालच्या गोणपाटाकडे गेलं. कुणीतरी रोज बसून बसून ते मधोमध पार विरलं होतं.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपार टळल्यावर तो वर आला. मान वर होत नव्हती.

"मला माहीत नव्हतं, महाराज..."

त्याने जेमतेम कपभर पाणी असलेला तांब्या महाराजांपुढे ठेवला.

"मी विचारलंसुद्धा नाही. फार लाज वाटते."

महाराजांनी तांब्यात डोकावून पाहिलं. प्यायले नाहीत. गाळणी घेतली, तिच्यात नवा कागद नीट बसवला आणि ती त्याच्यापुढे सरकवली.

"पुन्हा कर. आधी कागद धुऊन घे."