पांढरी वात

एकदा एका शिष्येची अशी पक्की समजूत झाली की देवाला आपण नको आहोत. तिचे नाव कॅलिस्ता. गोष्ट फार जुनी आहे, सीरिया देशातली. ग्रीक तत्त्वज्ञांच्या पाठशाळा अजून भरत होत्या आणि देवळांतून धूप जळत होता, त्या काळातली. नदीकाठच्या एका टेकडीवर एका वृद्ध आचार्यांची अशीच एक पाठशाळा होती. तिथे सकाळी भूमिती आणि तर्क शिकवत, आणि दुपारनंतर मंत्र, धूप, वनस्पती आणि खडे यांची विद्या. आजच्या शहाण्या माणसाला हे सारे एका छपराखाली पाहून हसू येईल. आचार्यांना त्यात विसंगत असे काही वाटत नसे. ते म्हणत, सर्व चराचर एकाच तत्त्वातून पाझरत खाली आले आहे, आणि जे जे खाली आले त्याला परत वर जाण्याची ओढ आहे. बुद्धी त्या वाटेने बरीच दूर नेते. जिथे तिचे पाय थकतात, तिथून पुढे विधीचा हात धरायचा.

त्या पाठशाळेत ज्योत उतरवण्याचा एक विधी होता. पाठशाळेला लागूनच असलेल्या देवळाच्या गाभाऱ्यात साखळीने टांगलेला एक पितळी दिवा अखंड तेवत असे. वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवशी, सकाळी, अंतिम विद्या शिकू इच्छिणाऱ्या शिष्याने त्या दिव्याखाली बसायचे, तेलात भिजवलेली वात चिमट्यात धरायची आणि देवतांची नावे उच्चारायची. वात ज्योतीला टेकवायची नाही, थोडी खाली धरायची. ज्योत आपण होऊन उतरली तर शिष्य पात्र ठरला. नाही उतरली तर पुढच्या वर्षी पुन्हा. तिसऱ्या वर्षीही नाही उतरली, तर आचार्य त्या शिष्याचा अभ्यासाचा दिवा स्वतः फुंकून विझवत, आणि त्याने निमूटपणे घरी जायचे. ज्योत कशाने उतरते, हे आचार्य आगाऊ कुणालाही सांगत नसत.

कॅलिस्ताची दोन वर्षे कोरडी गेली होती. तिचे घर म्हणजे बंदरातल्या थोरल्या भावाचे घर, आणि तिथे तिच्यासाठी एक स्थळ पाहून ठेवलेले होते. मुलगा वाईट नव्हता म्हणे. पण तिला भूमिती सोडायची नव्हती, आचार्यांना सोडायचे नव्हते, आणि सर्वांत मुख्य म्हणजे, आपल्याला वरून नकार आला हे दुःख उराशी धरून उभे आयुष्य काढायचे नव्हते.

बरे, तिने प्रयत्नांत काही कसर ठेवली होती म्हणावे, तर तसेही नाही. पहिल्या वर्षी तिने बाजारातली उत्तम वात आणली. ज्योत हलली नाही, तेव्हा तिने ठरवले की वात पुरेशी शुद्ध नसावी. मग देवळाच्या जमिनीत तिने जवस पेरला, त्याच्या देठांचा धागा स्वतः काढला, समुद्राच्या पाण्यात धुतला आणि मौन धरून त्याची वात वळली. ती इतकी पांढरी झाली की तिला हात लावायची भीती वाटावी. दुसऱ्या वर्षी ज्योत तिच्याकडेही फिरकली नाही.

त्याच सकाळी तिच्यानंतर डेमासची पाळी होती. डेमास म्हणजे पाठशाळेतला नामांकित आळशी. त्या दिवशीही तो उशिरा उठला, वात करायचे विसरला, म्हणून खोलीतला जळता दिवा फुंकून त्यातलीच काळीकुट्ट वात उचलून धावत आला. देवतांची दोन नावेही त्याने गाळली. तरी ज्योत सरळ खाली उतरली. तो स्वतःच इतका दचकला की चिमटा हातातून सुटणार होता. पुढे कॅलिस्ताने त्याला खोदून खोदून विचारले, तेव्हा तो म्हणाला, "मला काय माहीत? आली बुवा."

सांगा, अशा वेळी कुणाच्या मनात कडवटपणा येणार नाही? आपण उपास करावेत, आणि प्रसाद शेजाऱ्याच्या ताटात पडावा.

तिसरे वर्ष उजाडले. विधीच्या आदल्या दिवशी बाजारात एक फिरता व्यापारी आला. ताईत, खडे, शत्रूची जीभ बांधण्यासाठी मंत्र कोरलेले शिशाचे पत्रे असा त्याचा माल. कॅलिस्ताचा चेहरा पाहूनच त्याने गिऱ्हाईक ओळखले. गाठोड्यातून एक लहान बाटली काढून तो म्हणाला, "बाई, हे बाबिलोनकडं जमिनीतून पाझरणारं तेल आहे. वात यात बुडवा. लांबूनच आग पकडते."

"आणि देव?" तिने विचारले.

"देव येतो की नाही, ते मी सांगत नाही. ज्योत येईल. बघणाऱ्याला त्यातला फरक कुठं कळतो?"

हातातली बांगडी देऊन तिने ती बाटली घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी पाठशाळा गाभाऱ्यात जमली. बाहेर ऊन चढू लागले होते, पण गाभाऱ्याकडे जाणारा बोळ अंधारा, म्हणून कॅलिस्ता आपला अभ्यासाचा दिवा हातात घेऊन आली. तो बाजूला ठेवून ती टांगत्या दिव्याखाली बसली. एका अस्तनीत पांढरी वात होती, दुसऱ्या अस्तनीत बाटली. समोर आचार्य बसले होते. त्यांची दृष्टी अधू झाली होती. तिने बाटलीचे बूच काढले असते तरी त्यांना दिसले नसते, आणि हे तिला ठाऊक होते.

नेमके तेच तिला सहन झाले नाही. तिने बाटली बाहेर काढली आणि सर्वांसमोर जमिनीवर ठेवली.

"आचार्य, हे मी काल विकत घेतलं. यात बुडवलेली वात लांबून पेटते."

गाभाऱ्यात कुजबूज उठली. आचार्यांनी शांतपणे विचारले, "मग वापरलं का नाहीस?"

"ज्योत आली असती. पण ती आपण होऊन आली की मी आणली, हे मला जन्मभर कळलं नसतं."

"आणि तुझी वात?"

"ती आहे. तिच्याइतकं शुद्ध माझ्याकडे दुसरं काही नाही, आणि तिला ज्योत शिवत नाही. माझ्यातच काहीतरी उणं असणार. मी घरी जाते."

आचार्य उठले. चाचपडत तिच्या दिव्यापाशी आले, वाकले, आणि त्यांनी तो फुंकून विझवला.

सगळ्यांनी माना खाली घातल्या. दिवा विझवण्याचा अर्थ तिथे सर्वांना माहीत होता. डेमासच्यासुद्धा डोळ्यांत पाणी आले. कॅलिस्ताने जमिनीवर डोके टेकून आचार्यांना नमस्कार केला आणि ती जायला वळली.

"निघालीस कुठे?" आचार्य म्हणाले. "चिमटा घे. लवकर कर, मुली."

त्यांनी तिच्या दिव्यातली वात उपसून तिच्या चिमट्यात दिली. वर्षभर तिच्या अभ्यासासाठी जळलेली, टोकाला काळी पडलेली, तेलकट वात. तिच्यातून धुराची एक बारीक रेघ निघत होती. कॅलिस्ताने काही न समजता ती टांगत्या दिव्याखाली धरली. धूर सरळ वर चढला आणि ज्योतीला भिडला. तिने पहिल्या देवतेचे नाव घेण्यासाठी तोंड उघडले होते, तेवढ्यात ज्योत त्या धुरावरून घसरत खाली आली आणि तिच्या वातीवर उभी राहिली.

 गाभाऱ्यात कुणीतरी झांज वाजवली, कुणी ढोलावर हात मारला, आणि डेमासने पूर्वेचे दार धाडकन उघडले. ऊन सरळ आत आले. कॅलिस्ता त्या उन्हात पेटती वात धरून बसली होती. ती हसत होती, आणि तिचे गाल ओले होते. आपण नकोसे नव्हतो, एवढे एकच तिला कळत होते आणि तेवढे तिला पुरेसे होते.

गलका थोडा शमल्यावर तिने विचारले, "आचार्य, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुला एक युक्ती मिळाली असती," आचार्य म्हणाले. "युक्ती तर त्या बाटलीतही होती. ज्या दिवशी तू ती खाली ठेवलीस, त्या दिवशी तुला सांगण्यात अर्थ आला." मग ते तिच्याजवळ बसले. "शुद्ध म्हणजे कधी न वापरलेलं, असं तू धरून चाललीस. म्हणून जी कधीच पेटली नाही अशी वात दोनदा घेऊन आलीस. तिच्यात ऊब नाही, धूर नाही. ज्योतीने उतरावं कशावरून? वरचा प्रकाश खाली यायला केव्हाही तयारच असतो, मुली. मंत्राने त्याला ओढावं लागत नाही. आपला जीव त्याच प्रकाशातून निघालेला आहे, एकदा पेटलेला आहे. त्या पेटण्याची ऊब ज्याच्यात उरली, त्याच्याकडे तो परत येतो. डेमासची वात धुमसत होती, हे त्याचं नशीब. तुझी तळमळ दोन वर्षं धुमसते आहे, आणि तू तिलाच डाग समजून धूत बसलीस."

बाटलीतले तेल स्वयंपाकघरात गेले आणि ओल्या लाकडांची चूल पेटवायला बरेच दिवस पुरले. व्यापाऱ्याच्या मालाची पाठशाळेत तेवढी तारीफ मात्र झाली.

आणि पांढरी वात? कॅलिस्ताने ती अस्तनीतून काढली. आता ती फेकून देईल असे सर्वांना वाटले. तिने ती दिव्यातल्या तेलात बुडवली आणि आपल्या काळ्या वातीवर धरून पेटवली. इतक्या निगुतीने जपलेले ते टोक बघता बघता काळे पडले. ते पाहून तिला जराही वाईट वाटले नाही. ती पेटलेली पांढरी वात तिने आपल्या दिव्यात घातली आणि दिवा घेऊन ती अंधाऱ्या बोळातून भूमितीच्या वर्गाकडे निघाली.

आपणही आपल्या मनाची एखादी पांढरी वात कुठे जपून ठेवली असेल, तर आज तिला थोडे जळू द्यावे.