पापणीपाशी

"म्हणजे माझी कंबर मागं राहिली, असं म्हणायचंय का सर तुम्हाला?"

कोष्टी सर हॉलमधल्या मॅट झाडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"राहिली असंल. कंबर वळायच्या आधी हात सुटला, की आवरत न्हाई. कुणाचंबी हुतं."

धैर्यशीलला ते झोंबलं. कुणाचंही होत असेल, पण त्याचं होत नव्हतं. इचलकरंजीच्या या कराटे क्लासात लहानपणापासून त्याने एवढंच तर घोटलं होतं. पाय टेकायचा, कंबर वळवायची, एक हात मागे ओढायचा आणि दुसऱ्या हाताची मूठ पोचवायची, सगळं एकाच क्षणी. पोचवायची म्हणजे समोरच्याच्या कातडीपाशी नेऊन थांबवायची. सरांचा नियमच होता तो. जोरात मारणाऱ्याला त्यांच्याकडे किंमत नव्हती. ज्याला थांबवता येईल, त्यालाच काळा पट्टा.

धैर्यशीलकडे तो पट्टा होता. त्याच्या पुढच्या पायरीची परीक्षा तोंडावर आली होती. आणि गेल्या आठवड्यात जोडीच्या सरावात त्याची मूठ तुषारच्या डोळ्यात बसली होती.

तुषार अजून सांगलीला दवाखान्यात होता. डोळा वाचेल असं डॉक्टर आता म्हणत नव्हते. ते ऐकल्यापासून धैर्यशीलच्या घशाखाली घास उतरत नव्हता, हे खरं. पण आज तो आला होता परीक्षेचं विचारायला. सरांनी त्याचं नाव पाठवलंच नव्हतं. हात आवरत नाही, तर वर्षभर मागच्या रांगेत पोराटोरांबरोबर पहिले धडे गिरव, एवढंच त्यांनी निरोपात कळवलं होतं.

"तुषारच पुढं आला सर, ऐन वेळी. माझा हात बरोबर होता."

सरांनी झाडू कोपऱ्यात ठेवला. शेजारच्या शेडमधले यंत्रमाग खडखडत होते.

मग त्यांनी चष्मा काढून खिडकीत ठेवला आणि ते त्याच्यासमोर येऊन उभे राहिले.

"मार. डोळ्यावर."

"सर, तुम्हाला कसं..."

"मार म्हणतोय न्हवं."

धैर्यशीलने मारला. मूठ सरांच्या पापणीपाशी जाऊन थांबली. सरांनी डोळा मिटला नाही. त्यांनी डाव्या हाताने मारायला सांगितलं, ती मूठही तिथेच थांबली. मग त्यांनी त्याला हॉलभर बेडूकउड्या मारायला लावल्या. मांड्या थरथरायला लागल्या, डोळ्यांत घाम उतरला, तेव्हा ते पुन्हा समोर येऊन उभे राहिले. मूठ थांबली ती पापणीपाशीच.

आठवडाभरात पहिल्यांदाच धैर्यशीलला बरं वाटलं. म्हाताऱ्याला आता कबूल करावंच लागेल, असं त्याच्या मनात आलं आणि तो हसलासुद्धा.

"अजून एक," सर म्हणाले.

या वेळी मूठ सुटली आणि सर एकदम पुढे झुकले. तोंडच त्यांनी मुठीवर आणलं. धैर्यशीलची कंबर जागच्या जागी अडली, कोपर आत आलं, आणि मूठ त्यांच्या तोंडाच्या आधी मागे सरली. त्यांच्या भुवईचा केसही हलला नाही.

"बघितलंत सर?" त्याला धाप लागली होती. "समोरचा पुढं आला, तरी माझा हात..."

तो मध्येच थांबला.

सर त्याच्याकडे बघत होते. रागाने नाही. राग असता तर त्याला सोसला असता.

डोळ्याला लागलं त्या संध्याकाळी तुषारने सगळ्या क्लाससमोर त्याच्या छातीवर स्वच्छ लाथ टेकवली होती. लहान पोरांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्या टाळ्या अजून चालूच होत्या, तेवढ्यात धैर्यशीलचा हात त्याच्या डोळ्यावर गेला होता. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही सांगितलं नव्हतं. आता त्याला फार भीती वाटली, आणि ती सरांची नव्हती.



"सर, मी उभा राहतो मागच्या रांगेत," तो खालच्या आवाजात म्हणाला. "वर्षभर. म्हणाल तितकी वर्षं."

सर खाली बसले. एकाएकी ते फार थकलेले दिसले.

"तुषारची आई सकाळी येऊन गेली," ते म्हणाले. "पोराचा हात चुकला असंल, त्याला काय बोलू नका, म्हणत हुती... आता तिला मी काय सांगू?"